पंचनाम्यात नसलेला रकाना: आपत्तीत मुलांचं म्हणणं का आणि कसं ऐकायचं

पूर ओसरला की गावात पंचनामे सुरू होतात. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक घरोघरी फिरतात. भिंत किती पडली, पत्रे किती उडाले, जनावरं किती दगावली, किती गुंठ्यांतला ऊस कुजला, हे सगळं कागदावर येतं. सांगतो तो घरातला कर्ता माणूस, तो नसेल तर घरची बाई. दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं ऐकत उभ्या असलेल्या पोराला कुणी काही विचारत नाही. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हा मी शिरोळ तालुक्यातल्या एका निवारा केंद्रात आठ दिवस मदतीला होते. केंद्र म्हणजे शाळाच. बाकं भिंतीला लावून रचलेली, खाली सतरंज्या, एकेका वर्गात पाच-सहा कुटुंबं. आमच्याकडे गरजेच्या वस्तूंची यादी होती: ब्लँकेट, बिस्किटं, टॉर्च, सॅनिटरी पॅड, लहानग्यांसाठी दूध. मोठ्या माणसांना विचारून, नीट विचार करून केलेली. तिसऱ्या दिवशी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी सकाळपासून माझ्या मागे मागे फिरत होती. काय पाहिजे म्हणून विचारलं तर हळूच म्हणाली, "ताई, तिकडच्या संडासाला आतनं कडी न्हाई." मग थोडं थांबून, "माझी आक्का दोन दिवस झालं पाणीच पीत न्हाई."

शिपाईमामांनी एका जुन्या खिडकीची कडी काढून त्या दाराला बसवली. अर्धा तास लागला. पुरुषांना ही अडचण ठाऊकच नव्हती. बायकांना ठाऊक होती, पण घरदार पाण्यात असताना कडीचं कुठे बोलायचं म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली पाणी पिणं टाळत होत्या, आणि आमच्या यादीत पाण्याच्या बाटल्यांची खोकी मात्र दिमाखात पहिल्या क्रमांकावर होती.

मदतकार्याच्या अहवालांत 'मुलांचा सहभाग' असे शब्द असतात. ऐकायला जड वाटतात. त्यांचा साधा अर्थ या कडीत आहे. आपत्तीत मुलं काय पाहतात, कशाला घाबरतात, कुठून जाणं टाळतात, रात्री कुठे झोपतात, त्यांना काय व्हावंसं वाटतं, हे त्यांच्याकडून समजून घ्यायचं, त्यावरून मदतीत बदल करायचा आणि काय बदललं ते त्यांना परत येऊन सांगायचं. मुलांवर माया करावी म्हणून हे सांगत नाही. माया आपल्याकडे भरपूर आहे. मोठ्यांना जे दिसत नाही ते मुलांना दिसतं, म्हणून हे करायचं. कधी कधी तर जीव वाचवणारी गोष्ट मुलांनाच आधी कळलेली असते.

एक मैदान, एक डोंगर

जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, इशिनोमाकी शहराच्या हद्दीत, ओकावा नावाची प्राथमिक शाळा होती. किताकामी नदीच्या काठी, समुद्रापासून साधारण चार किलोमीटर आत. ११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनच्या सुमारास प्रचंड भूकंप झाला. शिक्षकांनी मुलांना शिस्तीत मैदानात आणलं, हजेरी घेतली. त्सुनामी शाळेपर्यंत पोचली ती ३ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास. म्हणजे हातात जवळजवळ पन्नास मिनिटं होती.

शाळेच्या अगदी पाठीशी डोंगर होता. मुलांच्या पायाखालचा, ओळखीचा. शाळेच्या उपक्रमात त्यांनी तिथे अळंबी लावली होती. वाचलेल्यांच्या आणि पालकांच्या सांगण्यानुसार सहावीतली काही मुलं शिक्षकांना म्हणत होती, डोंगरावर जाऊ या. मोठ्यांमध्ये चर्चा चालू राहिली. डोंगरावर झाडं कोसळली तर? लहान मुलं घसरली तर? शेवटी रांग निघाली ती नदीच्या पुलाजवळच्या जरा उंच जागेकडे, म्हणजे पाण्याच्याच दिशेने. त्या शाळेतली ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले.

ते शिक्षक बेफिकीर नव्हते. मुलांसोबत त्यांनीही जीव गमावला. पण निर्णय कसा घ्यायचा याची जी घडी त्यांना शिकवलेली होती, तिच्यात मुलाच्या तोंडून आलेल्या माहितीला जागाच नव्हती. काही पालक न्यायालयात गेले. वरिष्ठ न्यायालयाने शाळा आणि शिक्षण मंडळाने आधीपासून पुरेशी तयारी केली नव्हती असं म्हटलं, आणि २०१९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळल्यावर तो निकाल कायम झाला.

त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर उत्तरेला कामाइशी नावाच्या शहरात वेगळं घडलं. तिथे उनोसुमाई भागात एक प्राथमिक शाळा आणि एक माध्यमिक शाळा शेजारी शेजारी होत्या. हादरे थांबताच माध्यमिकची मुलं कुणी सांगायची वाट न बघता उंचाकडे धावत सुटली. प्राथमिकची मुलं आधी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेली होती. मोठी मुलं पळताना पाहून तीही खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर ती जागा सुरक्षित वाटेना, म्हणून सगळी आणखी वर गेली, आणि मग त्याहून वर. मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. दोन्ही शाळांतून पळालेली मुलं वाचली. कामाइशीत त्या दिवशी हजारावर माणसं गेली, पण शहरातली सुमारे तीन हजार शाळकरी मुलं जवळजवळ सगळी वाचली.

याला 'कामाइशीचा चमत्कार' म्हणतात. तिथल्या काही लोकांना तो शब्द आवडत नाही, आणि मला त्यांचं पटतं. काही मुलं गेली, अनेकांचे आईवडील गेले. शिवाय चमत्कार म्हटलं की त्यामागची मेहनत झाकली जाते. गुन्मा विद्यापीठातले तोशिताका काताडा हे प्राध्यापक त्याआधी कित्येक वर्षं तिथल्या शाळांत जात होते. त्यांनी मुलांना एक साधा प्रश्न विचारला होता: घरी एकटे असताना मोठा भूकंप झाला तर काय कराल? आईला फोन करू, आई येईपर्यंत थांबू, अशी उत्तरं आली. घाबरलेलं पोर काय करेल हे पोरांनीच सांगितलं, आणि मग शिकवणं त्यावर बेतलं गेलं. नकाशावरच्या रेघेवर विसंबू नका, त्या क्षणी जमेल तेवढं सगळं करा, आणि इतरांची वाट न बघता तुम्ही आधी पळा, कारण तुम्हाला पळताना बघून बाकीचे पळतील. तिकडे 'तेंदेनको' असा एक जुना शब्द आहे, म्हणजे ज्याने त्याने आपापलं उंचावर निघायचं. आईसुद्धा वर जाणार आहे असा मुलाला विश्वास असेल आणि मूल वर गेलं असेल असा आईला विश्वास असेल तरच हे जमतं. तो विश्वास आदल्या दिवशी घरात बोलून ठरवावा लागतो.

या दोन शाळांतली मुलं हुशारीत वेगळी नव्हती. एकीकडे मुलांनी बोलावं, मुलांनी पाऊल उचलावं, याची सवय सगळ्या शहराला आधीच लागलेली होती. दुसरीकडे मुलं बोलली ती त्या पन्नास मिनिटांत, आणि त्यांचं बोलणं घेऊन काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

कायदा काय सांगतो

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ ला बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ ला ती मान्य केली. तिच्या बाराव्या कलमाचा सारांश असा: ज्या मुलाला स्वतःचं मत बनवता येतं, त्याला त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडायचा हक्क आहे, आणि मुलाचं वय व समज पाहून त्या मताला योग्य ते वजन द्यायचं आहे. आपत्ती आली म्हणून हा हक्क स्थगित होत नाही. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही मुलाला ऐकून घेतलं जाण्याचं तत्त्व लिहिलेलं आहे.

इथे एक गैरसमज फार आहे. मुलांचं ऐकायचं म्हणजे मुलं म्हणतील तसं करायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग ते वैतागून म्हणतात, पोरांना काय कळतंय. हक्क मत मांडण्याचा आहे, आणि मताला वजन देणं म्हणजे निर्णय मुलावर टाकणं नाही. पडक्या घरात परत जायचंय म्हणून मूल रडत असेल तर त्याला तिथे पाठवायचं नाही. पण का जायचंय हे विचारायचं. बहुतेक वेळा तिथे काहीतरी राहिलेलं असतं: दप्तर, कुत्रं, आजोबांचा फोटो. ते आणता येतं. आणता येत नसेल तर का येत नाही हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगता येतं. निर्णयाचं ओझं मोठ्यांच्याच खांद्यावर राहतं, आणि तिथेच राहायला हवं.

नेपाळात काय विचारलं

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. शनिवार होता, दुपारचे बारा वाजायला आले होते. नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते, त्यामुळे हजारो वर्ग रिकामे असताना कोसळले. मुलांचे जीव किती थोडक्यात वाचले याची कल्पना करवत नाही. मृतांचा आकडा नऊ हजारांच्या घरात गेला.

त्यानंतर काही आठवड्यांत युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन, प्लॅन इंटरनॅशनल आणि वर्ल्ड व्हिजन या संस्थांनी नेपाळ सरकारसोबत सर्वाधिक फटका बसलेल्या १४ जिल्ह्यांत १,८०० हून अधिक मुलांशी गटागटाने बोलणी केली. पुनर्बांधणीचे आराखडे तयार होत असतानाच हे चाललं होतं. ही वेळ महत्त्वाची, कारण आराखडा छापून झाल्यावर मुलांना विचारून फक्त पुरवणी जोडता येते.

विचारलं कसं, ते सांगते. एका मोठ्या कागदावर इंग्रजी एच अक्षर काढायचं. त्याच्या दोन उभ्या रेघांमुळे कागदाचे भाग पडतात. डावीकडे मुलांनी लिहायचं की मदतीत काय चांगलं झालं. उजवीकडे, काय वाईट झालं किंवा झालंच नाही. मधल्या आडव्या रेघेच्या वर या मदतीला किती गुण द्याल ते, आणि खाली, काय करायला हवं. ज्यांना लिहिता येत नाही ती चित्र काढतात. दुसरा एक खेळ आहे शरीराच्या नकाशाचा. एका मुलाला कागदावर झोपवून त्याच्याभोवती खडूने रेघ ओढायची. मग त्या आकृतीच्या डोळ्यांपाशी भूकंपाआधी काय दिसायचं आणि आता काय दिसतं, कानांपाशी काय ऐकू येतं, पोटापाशी काय खातो, पायांपाशी कुठे जायला मिळतं आणि कुठे मिळत नाही. 'तुला काय वाटतं' असं विचारलं तर मूल गप्प बसतं, पण 'या पायांना कुठे जायची भीती वाटते' म्हटलं की बोलायला लागतं. आकृती कागदावरची असते, त्यामुळे सांगणं सोपं जातं.

नेपाळी मुलांनी सांगितलेल्या गोष्टी मोठ्यांच्या यादीत नव्हत्या असं नाही, पण त्यांचा क्रम निराळा होता. दाटीवाटीच्या तंबूत मुलींना आडोसा नाही. संडास नाही, असला तर स्वच्छ नाही. रात्रीची भीती वाटते. आणि शाळा कधी सुरू होणार? शाळेचा प्रश्न मोठ्यांना नेहमी नंतरचा वाटतो: आधी छप्पर, मग धान्य, मग शाळा. मुलासाठी शाळा म्हणजे दिवसाला आकार देणारी एकमेव गोष्ट असते. मित्र जिवंत आहे की नाही हेही तिथेच कळतं.

फिलिपिन्समधल्या २०१३ च्या हैयान वादळानंतर आणि सिएरा लिओनमधल्या इबोलाच्या साथीनंतरही मुलांशी अशीच बोलणी झाली होती. फिलिपिन्सचंच एक उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण तिथे मुलांचं म्हणणं प्रत्यक्ष जमिनीवर उतरलं. दक्षिण लेटे प्रांतात १७ फेब्रुवारी २००६ ला गिनसाउगोन हे अख्खं गाव दरडीखाली गेलं, प्राथमिक शाळेसकट. हजारावर माणसं गेली. त्याच प्रांतातली एक माध्यमिक शाळाही दरडीच्या धोक्यात असल्याचं पाहणीत निघालं. शाळा हलवायची की नाही यावर गावात दोन तट पडले. अनेक मोठ्यांना आहे तीच जागा सोयीची होती. शेवटी मतदान झालं, त्यात विद्यार्थ्यांनाही मत होतं. शाळा हलवा म्हणणाऱ्या मुलांची बाजू जिंकली आणि नव्या जागी शाळा उभी राहिली.

दिखाऊ सहभाग ओळखायचा कसा

रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना त्याने सहभाग मानलंच नाही. त्या म्हणजे मुलांचा वापर करणं, मुलांना शोभेसाठी उभं करणं, आणि नावापुरतं एखाद्या मुलाला बोलू देणं. या तिन्ही पायऱ्या आपल्या ओळखीच्या आहेत. मदत वाटपाच्या वेळी पुढे उभी केलेली, हातात बिस्किटचा पुडा दिलेली मुलं. पाठ केलेलं भाषण म्हणणारी मुलगी. पाहुण्यांना गुच्छ देणारा, कालच ज्याचं घर वाहून गेलं तो मुलगा. मला हे बघून फार वाईट वाटतं. मदत घेणाऱ्या मुलालाही मान असतो, आणि त्या क्षणी तो त्याच्याकडून काढून घेतलेला असतो.

खरा सहभाग ओळखायला बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये चार शब्द दिले. जागा, आवाज, श्रोता आणि परिणाम. मुलाला न घाबरता बोलता येईल अशी जागा हवी. बोलण्याची रीत त्याला जमेल अशी हवी. पहिल्या दोन गोष्टी संस्था बऱ्यापैकी करतात. अडतं ते पुढच्या दोनांत. श्रोता म्हणजे ज्याच्या हातात निर्णय आहे असा माणूस. मुलांनी शंभर चित्रं काढली आणि ती स्वयंसेवकाच्या पिशवीत राहिली, तर श्रोता मिळालाच नाही. चित्रं तहसीलदारांच्या टेबलावर गेली, केंद्रप्रमुखांच्या रोजच्या बैठकीत पाच मिनिटं त्यावर बोलणं झालं, तर मिळाला. परिणाम म्हणजे त्यातलं काय केलं आणि काय करता आलं नाही, याचं उत्तर मुलांना मिळणं. 'नाही जमलं, कारण असं असं आहे' हेही उत्तरच आहे. काहीच न कळवणं मात्र मुलं लक्षात ठेवतात, आणि पुढच्या वेळी बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट पाहायची: गटात कोण मूल नाही? पुढे येऊन बोलणारी मुलं नेहमी तीच असतात, वर्गात हात वर करणारी. भांडी घासायला बसलेली मुलगी, व्हीलचेअर चिखलातून येत नाही म्हणून वर्गातच राहिलेला मुलगा, ऊसतोड कामगारांची मुलं, प्रमाण मराठी न बोलणारी ठाकर-कातकरी मुलं, ही गटात आपोआप येत नाहीत. त्यांच्यापर्यंत जावं लागतं, आणि त्यांच्या बोलीत बोलणारं कुणीतरी सोबत लागतं.

विचारताना इजा होऊ नये

हा भाग मी सगळ्यात ठामपणे सांगते, कारण चांगल्या मनाची माणसं इथेच चुकतात. मुलाला 'त्या रात्री काय झालं ते सांग' असं म्हणायचं नाही. गेलेल्या माणसांबद्दल उकरून काढायचं नाही. रडलं म्हणजे मन मोकळं झालं असं प्रत्येक वेळी नसतं. दुःखाला हात घालायचा तर ते काम प्रशिक्षित माणसाचं आहे. आपण आजचं आणि उद्याचं विचारायचं: इथे काय बरं वाटतं, काय त्रास होतो, काय बदलावं.

सुरुवातीलाच सांगायचं की आपण कोण, कशासाठी विचारतोय, आणि यातून काय होऊ शकेल, काय होणार नाही. खोटी आशा लावायची नाही. नको असेल तर मुलाने उठून जावं, आणि गेलं म्हणून त्याचा खाऊ अडवू नये. मुली आणि मुलगे वेगळे बसवले तर मुली जास्त बोलतात, लहान आणि मोठी मुलं वेगळी बसवली तर लहानगी बोलतात. बसायची जागा सगळ्यांना दिसेल अशी हवी, पण आवाज ऐकू जाणार नाही इतकी लांब.

बोलता बोलता एखादं मूल छळाबद्दल काही सांगून जातं. तेव्हा काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. तिची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत झाली. 'दस-नौ-आठ' असा तो आकडा रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी सहज बसला. फोटोंबाबतही एवढं ध्यानात ठेवायचं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे.

आपल्याकडे कुठे सुरुवात करता येईल

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, माणसं दमून झोपलेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुलांना पुण्यात आणून शिकवलं. अशी माया महाराष्ट्राने वेळोवेळी दाखवली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, आणि त्यांची घरची माणसं गेली. अशा मुलाने आता काकांकडे राहायचं, वसतिगृहात की आणखी कुठे, हे ठरवताना आज बाल कल्याण समितीने त्याचं ऐकणं अपेक्षित आहे. नातेवाईक जमले की तासाभरात ठरवून मोकळे होतात. त्यांनाही हे माहीत असायला हवं.

निवारा केंद्रांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे किमान निकष आहेत. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, तीस माणसांमागे एक संडास, मोठ्यांना दिवसाला २,४०० कॅलरी आणि मुलांना १,७००. हे निकष कागदावर तपासायला अधिकारी आहेत. प्रत्यक्षात त्या संडासात उजेड आहे का, वाटेत कोण टवाळकी करत बसतं, जेवणाच्या रांगेत धाकटी मुलं मागे ढकलली जातात का, हे तपासायला मुलांसारखं कुणी नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास, एक खडू आणि एक फळा. निवारा केंद्रं बहुधा शाळांतच असतात, त्यामुळे फळा शोधायलाही लागत नाही.

खरं काम मात्र पावसाळ्याआधीचं आहे. शाळांचे आपत्ती आराखडे असतात, पण बरेचसे एकमेकांवरून उतरवलेले. त्याऐवजी मे महिन्यात, नाहीतर जूनमध्ये शाळा उघडल्याबरोबर, पाचवी ते आठवीच्या मुलांना घेऊन गावातून एक फेरी मारावी. ओढ्याला पाणी आलं की शाळेतून घरी जायची वाट कुठे बंद होते? मागच्या वेळी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं? कुणाच्या घरी न चालता येणारी आजी आहे? डोंगरउतारावर कुठे भेग दिसते, कुठला झरा अचानक गढूळ झाला? गुरं राखायला जाणाऱ्या पोरांना हे शेवटचं आधी दिसतं. हा नकाशा ग्रामसभेत मुलांनी स्वतः मांडावा, आणि सरपंचांनी त्यातलं एक तरी काम त्या पावसाआधी करून दाखवावं. एक झालं की दुसरं सांगायला मुलं आपणहून येतात.

शिरोळच्या त्या शाळेत कडी बसल्यावर आम्हीही फळ्यावर मुलांना यादी करू दिली. सात गोष्टी आल्या. झालेल्या गोष्टीपुढे बरोबरची खूण करायची, हे त्यांनीच ठरवलं. संडासाजवळ दिवा, खूण. धाकट्यांना वेगळी रांग, खूण. वह्या-पुस्तकांपुढे खूण झाली नाही, ती मिळायला पुढे महिना लागला, आणि तसं त्यांना सांगितलं. शेवटची ओळ एका सहावीतल्या मुलाने लिहिली होती: 'आमची म्हस कुठं हाय'. मोठ्यांनी त्याला गप्प केलं होतं, माणसांचं बघायचं का म्हशीचं म्हणून. मला ते पुसवेना. उंचावर जनावरांची जी छावणी होती तिथे दोन दिवस फोन करून सहाव्या दिवशी पत्ता लागला. शिंगाला लाल फडकं, डाव्या कानाला चीर, त्याने सांगितलेल्या खुणा जुळल्या. मी वर्गात जाऊन सांगितलं, सापडली. तो फळ्याकडे गेला, खडू उचलला, आणि खूण करायच्या आधी मागे वळून म्हणाला, "तिला वैरण मिळतीया का, ते इचारलंस व्हय?"

मी विचारलं नव्हतं. पुन्हा फोन लावला.